मोकळी झाल्याचा कागद

जाहिदाच्या पायाला भिंगरी होती, हे अख्ख्या सिंदेवाहीला माहीत होतं. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन वीस वर्षं ती जंगलातली गावं फिरत होती. घरी असली तरी चुलीपासून दारापर्यंत तिच्या चकरा सुरूच असायच्या. पण अठ्ठ्याण्णव साली दसऱ्याच्या सुमाराला ती जी फिरायला लागली, ते धंद्याचं फिरणं नव्हतं. तिला एका जागी बसवतच नव्हतं. बसली की तिला हात आठवायचे, आणि तेही दुसऱ्या कुणाचे नाहीत, स्वतःचेच, टाळ्या वाजवणारे.

"काऊन फिरून राह्यली?" तिचा नवरा जलालुद्दीन विचारायचा. बसस्टँडजवळ त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि माणसांबद्दलही तो सायकलीसारखंच बोलायचा. "टायर घासून जाईल तुझं. बैस ना घडीभर."

"बसू कुठी?" जाहिदा म्हणायची आणि पुन्हा दारापर्यंत जाऊन यायची.

मूळ गोष्ट मंगलीची. खैरटोल्याच्या बुधू आणि इतवारी पेंदाम यांची ही एकुलती एक लेक. तिच्या बारशाच्या काळ्या बांगड्या जाहिदानंच भरलेल्या आणि लग्नाच्या हिरव्याही तिनंच. मंगलीला दिली माजरीकडे. नवरा कोळसा खाणीवर ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होता. जावई पगारदार म्हणून बुधू गावभर छाती फुगवून फिरला. दोन वर्षांनी, आदल्या दसऱ्याला, पोरगी एकटीच परत आली. पायात चप्पल नाही, हातात बांगडी नाही. दोन्ही मनगटांवर वण होते, जुन्यांवर नवे.

काचेची बांगडी पडून फुटली तर जखम वेगळी होते आणि कुणी मूठ आवळून फोडली तर वेगळी. हे जाहिदाला कुणी शिकवलं नव्हतं, पण हजारो हात हातात घेतलेल्या बाईला ते दिसतंच. तिनं त्या मनगटांकडे एकदा पाहिलं आणि माजरीच्या त्या माणसाला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या, की ऐकणाऱ्याचे कान किटले असते.

मंगली काही बोलत नव्हती. घरात झोपत नव्हती. दाराची कडी वाजली की तिचं अंग आक्रसायचं. हात तर कुणाला लावूच देत नव्हती, आईलासुद्धा नाही. जाहिदानं आपल्या धंद्याची रीत पाळली. बांगड्या भरणारी कधी बाईचा हात ओढत नाही. पाटी उतरवते, साबणाचं पाणी जवळ घेते आणि थांबते. हात बाईनं आपणहून द्यायचा असतो. मंगलीनं दिला नाही, जाहिदानं मागितला नाही. पण दर बुधवारी ती खैरटोल्यात आली की मंगली पाटीजवळ येऊन बसू लागली आणि एक शब्द न बोलता बांगड्या रंगावारी लावू लागली. हिरव्या इकडे, लाल तिकडे. उन्हाळ्यात ती घरात झोपू लागली. आषाढात गावच्या बायांबरोबर धानाच्या रोवणीला गेली. श्रावणातल्या एका बुधवारी कोंबडीनं पाटीतली टिकली पळवली, तेव्हा ती चक्क हसली. इतवारीनं ते हसणं पाहून पदर डोळ्याला लावला.

असंच चाललं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण माणसाला घाई खाते, आणि चांगल्या माणसाला जरा जास्तच खाते.

पोळा झाल्यावर माजरीवाल्यांचा निरोप आला. पोरगी नांदायला पाठवा, नाही तर दिवाळीनंतर पंचात बसा. खैरटोल्याचा पंच मुखरू हा सरळ माणूस होता, पण सरळ म्हणजे किती, तर बैलाच्या शिंगासारखा. एकदा जिकडे वळला, तिकडून हलायचा नाही. त्यानं सांगून टाकलं, "पोरगी आपल्या तोंडानं सांगल का तिच्यावर काय बितलं, तं सोडचिठ्ठी देऊ. नाई सांगल, तं नवऱ्याच्या घरी जाईल. मुक्या माणसाचा न्याय आमी कसा करावं?"

आता आली पंचाईत. पोरगी तोंड उघडत नव्हती आणि तोंड उघडलं नाही तर माजरीचा रस्ता.

जाहिदाची भाची निशात वरोऱ्याला राहायची. ती आली तेव्हा एक छापील पत्रक घेऊन आली. तिथल्या मंगल कार्यालयात सुनिल सरांचं शिबिर होतं. 'मनातलं दुःख तीन दिवसांत साफ.' जाहिदाला उर्दू वाचता यायचं, मराठी अक्षर मात्र तिला मुंग्यांच्या रांगेसारखं दिसायचं. निशातनं वाचून दाखवलं आणि जाहिदाला वाटलं, अल्लानंच वाट दाखवली.

इतवारीचं मन घेत नव्हतं. "आता कुठी थे पोरगी पोटभर जेवून राह्यली, जाहिदाबाई. राहू द्या ना."

"अन् पंचासमोर बोलली नाई तं? पाठवशील माजरीले? थे सर लोक शिकलेले असतेत. माह्या जबाबदारीवर नेते मी तिले."

मंगलीला कुणी विचारलं? कुणीच नाही. बुधूनं होकार दिला, इतवारीनं मान हलवली, जाहिदानं बसची वेळ पाहिली. मंगली तेव्हा अंगणात बसून बांगड्या रंगावारी लावत होती.

त्या कार्यालयात तीस-बत्तीस बाया होत्या. सुनिल सर गोरेगोमटे, पांढरा झब्बा, आवाज तुपात घोळवल्यासारखा. पहिले दोन दिवस टेपवर बासरी, डोळे मिटा, श्वास घ्या असं चाललं. जाहिदाला दर अर्ध्या तासानं डुलकी लागायची. तिसऱ्या दिवशी सरांनी खिडक्यांचे पडदे ओढले.

"खपली काढल्याशिवाय आतला पू निघत नाही," सर म्हणाले. जाहिदानं मान डोलावली. पायातला काटा काढावाच लागतो, हे जंगलात फिरणारीला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

सरांनी मंगलीला मधोमध उभं केलं. निशातनं फॉर्म भरताना मनगटांचं सगळं लिहिलं होतं, जाहिदाच्या तोंडून ऐकून. सरांनी एका कार्यकर्त्याला बोलावलं, चांगला दांडगा होता, आणि त्याला मंगलीसमोर उभं केलं. "हा तुझा नवरा. नाव घे त्याचं. सगळ्यांसमोर सांग यानं काय केलं."

नवऱ्याचं नाव खैरटोल्यात कोणती बाई घेते? मंगलीनं मान खाली घातली. सर म्हणाले, "बघा, भीती बघा कशी आत दडून बसलीये!" आणि त्यांनी त्या दांडग्याला खूण केली. त्यानं मंगलीची दोन्ही मनगटं आवळली.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो जाहिदानं फक्त एकदाच ऐकला होता, फाशात अडकलेल्या हरणाचा. ती ताडकन उठली. सर तुपाच्याच आवाजात म्हणाले, "मध्ये कुणी पडायचं नाही. विष निघतंय. निघू द्या." आणि जाहिदा खाली बसली. शिकलेला माणूस सांगतोय म्हणून बसली. मंगली ओरडली, मग ओरडायची थांबली. तिच्या लुगड्याखालून फरशीवर ओल पसरली आणि ती मटकन खाली कोसळली. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत मंगली नव्हती.

"मोकळी झाली!" सुनिल सरांनी दोन्ही हात वर केले. "मंगली मोकळी झाली! टाळ्या!"

तीस बायांनी टाळ्या वाजवल्या. जाहिदानंही वाजवल्या. तिच्या हातातल्या बांगड्या खणखणल्या आणि तेवढ्यानं तिचं तिलाच कळलं, की आपण काय करून राह्यलो.

निघताना सरांनी प्रत्येकीला एक कागद दिला. वर गणपती, खाली गोल शिक्का. जाहिदानं मंगलीचा कागद घडी करून बांगड्यांच्या पाटीत ठेवला. चिमूरला बस बदलून दोघी परतल्या. बस रिकामी होती, तरी मंगली सीटवर बसली नाही, दाराच्या पायरीवर बसून राहिली. कंडक्टर खेकसला तर जाहिदा त्याच्यावरच डाफरली. दुसरं काय करणार, डाफरायला तोच एक सापडला होता.

घरी आल्यावर मंगली उंबरा ओलांडेना. कोंबड्यांच्या खुराड्याला पाठ लावून ती अंगणात बसली ती बसलीच. ताट पुढे ठेवलं तर तसंच. इतवारी जाहिदाला एक शब्द वाकडा बोलली नाही. फक्त म्हणाली, "जशी दसऱ्याले आल्ती ना, त्याच्याहून वाईट हाय." जाहिदाला वाटलं, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि पुढच्या बुधवारी पाटी घेऊन ती गेली, तेव्हा मंगली उठून गोठ्यामागं गेली.

बुधू बिचारा भोळा. लेकीला शिक्क्याचा कागद मिळाला म्हणून त्याला काय ते अप्रूप! पिठाच्या गिरणीवर त्यानं तो शाळेत जाणाऱ्या एका पोरीकडून मोठ्यानं वाचून घेतला. दळणाला आलेला निम्मा गाव ऐकत होता. पोरगी हुशार, खणखणीत वाचलं तिनं: "मंगली बुधू पेंदाम, राहणार खैरटोला, ही शिबिरात सर्वांसमक्ष पूर्णपणे मोकळी झाली आहे."

गिरणीचा पट्टा फिरत राहिला, माणसं मात्र एकमेकांकडे पाहू लागली. कारण खैरटोल्यात बाई मोकळी झाली म्हणजे एकच गोष्ट. बाई बाळंत झाली. मुलगा का मुलगी, एवढंच विचारायचं उरतं. आणि मंगलीला माजरी सोडून आता वर्ष होत आलं होतं.

बातमीला पाय नसतात म्हणे, पण ही जाहिदाच्या पायांपेक्षाही लवकर माजरीला पोचली. आठ दिवसांत नवऱ्याचा काका सोमाजी याचा निरोप आला. पोरगी वरोऱ्याला कुणाचं तरी पोर टाकून आली, कागद आहे, शिक्का आहे. आता पंचात पाहून घेऊ.

जाहिदानं हे ऐकलं तेव्हा तिच्या हातातली पाटी खाली आली आणि डझनभर बांगड्या फुटल्या. मोकळी! वीस वर्षं या गावांत बाळंतिणींना बांगड्या भरल्या, हा शब्द शंभरदा ऐकला, शंभरदा तोंडानं उच्चारला. पण शिबिरात सरांच्या तोंडून आला तेव्हा तो तिला नवाकोरा वाटला. शहाण्या माणसाचा शब्द म्हणून तिनं तो डोक्यावर घेतला होता आणि पाटीतून स्वतः घरपोच आणून दिला होता.

ती दुसऱ्याच दिवशी वरोऱ्याला धावली. सरांनी एवढं लिहून द्यावं, की त्या शब्दाचा अर्थ मन हलकं झालं असा आहे. कार्यालयात साड्यांचा सेल लागला होता. चौकीदार म्हणाला, सर आता पोरांची स्मरणशक्ती वाढवायच्या कामाला लागलेत, उमरेडकडे कुठंतरी. आधी काय करायचे? "आधी? पाणी गाळायच्या मशिना विकत. बोलनं लय मीठं हाय ना त्याइचं." जाहिदाला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. आपण एका मशीनवाल्याच्या हातात पोरगी दिली आणि वर टाळ्या वाजवल्या.

परतताना ती घरी न जाता सिंदेवाहीच्या दवाखान्यात शिरली. तिथं दीपिका मॅडम होत्या, तरुण डॉक्टरीण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "ते सर म्हणजे कशाचे सर होते?"

"मले नाई ठाऊक, मॅडम. सर होते."

"मीही मनाची डॉक्टर नाही, जाहिदाबाई. हे आधी सांगते." मॅडमनी चिठ्ठी लिहिली. चंद्रपूरला महिन्यातून एकदा मनाचे डॉक्टर नागपूरहून यायचे. "ती तयार असेल तर न्या. तयार नसेल तर ही चिठ्ठी ठेवून द्या, खराब होत नाही. तोवर तिला खोदून काही विचारू नका. सांगेल तेवढंच ऐका. न विचारता हात लावू नका. आणि तिच्याबद्दल काही ठरवायचं असेल, तर ती तिथं हजर पाहिजे."

जाहिदा चिठ्ठी घेऊन बाहेर आली आणि दवाखान्याच्या पायरीवर तिचा संताप उसळला. मॅडमवर नाही, स्वतःवर. न विचारता हात लावू नका! हे तर तिला आईनं दहाव्या वर्षी शिकवलं होतं. यासाठी वरोऱ्याला जायची काय गरज होती?

त्या बुधवारी तिनं खैरटोल्यात पाटी उतरवली आणि खुराड्यापासून दहा हात दूर बसली. मंगली गोठ्यामागं होती. जाहिदा तिकडे न पाहता म्हणाली, "पोरी, एक चिठ्ठी आनली डाक्टरची. पाटीत ठेवून राह्यली मी. जायाचं का नाई, थे तू सांगजो. नाई म्हनशील तं नाई." उत्तर आलं नाही. पुढच्या बुधवारीही नाही. दिवाळीच्या आधीच्या बुधवारी मात्र ती दुपारी पाणी प्यायला आत गेली आणि बाहेर येऊन पाहते तर पाटीतल्या लाल बांगड्या एका बाजूला लागलेल्या होत्या. फक्त लाल. जाहिदानं त्यांना हातसुद्धा लावला नाही, पाटी तशीच डोक्यावर घेऊन सिंदेवाहीपर्यंत चालत गेली.

दिवाळीनंतर मोहाच्या झाडाखाली पंच बसले. माजरीहून सोमाजी आला, दोन माणसं आली आणि नवराही आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, गवताची काडी चघळत शांत बसलेला. मंगली आईच्या मागं उकिडवी बसली होती आणि तिची नजर जमिनीवरून उठत नव्हती. जाहिदा बायांच्या घोळक्यात होती. तिनं पाटी मांडीवर घेतली, खाली ठेवली, पुन्हा मांडीवर घेतली.

सोमाजीनं आधी कागदाची मागणी केली. बुधूनं तो छपराच्या बांबूतून काढून आणला. लपवायचं असतं हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं. सोमाजीबरोबरच्या शिकलेल्या माणसानं तो वाचला. 'सर्वांसमक्ष' या शब्दावर त्यानं मुद्दाम जोर दिला.

"झालं का?" सोमाजी म्हणाला. "हे आमी नाई म्हनून राह्यलो, कागद म्हनून राह्यला. आमची सून दुसऱ्याचं पोर घेऊन मोकळी झाली. आता आमाले भरपाई द्या अन् तिले गावाबाहेर काढा."

मुखरूनं मंगलीकडे पाहिलं. "मंगली, उभी राह्य. माजरीले काय झालं, वरोऱ्याले काय झालं, सारं तूच सांग. घाबरू नोको."

मंगली उभी राहिली. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. हात मनगटांवर गेले आणि मनगटं लपवत छातीशी आले. नवऱ्यानं काडी चघळायची थांबवली आणि जरासा हसला.

तेच चाललं होतं. तीच मधोमध उभी केलेली पोरगी, तेच भोवती बसलेले लोक, तीच 'सांग, सांग'. फक्त पडदे नव्हते. जाहिदा उठली. या वेळी ती खाली बसली नाही.

"मुखरूभाऊ, तिले नोका विचारू."

"तू परक्या गावची, जाहिदाबाई."

"परकी तं परकी. पन गुन्हा माहा हाय, तं साक्ष माही घ्या." तिचा आवाज फाटत होता. "तिच्यावर काय बितलं, थे मी नाई सांगनार. थे तिचं हाय. मी काय केलं, थे सांगते. मी तिले न विचारता वरोऱ्याले नेलं. तिथी एक मानूस होता, त्यानं कशाची शाळा शिकली थे मी पुसलं नाई. त्यानं तिले अशीच मधात उभी केली अन् सांग म्हने. थे किंचाळली. मी उठली, अन् त्यानं बैस म्हनलं तं बसली. थे पडली, तं तो म्हने मोकळी झाली. त्याच्या भाषेत मोकळी म्हंजे मन हलकं झालं. त्यानं टाळ्या वाजवा म्हनलं." जाहिदा थांबली. तिनं दोन्ही हात पुढे धरले. "अन् मीनं वाजवल्या. या हातानं. कागद बी मीच आनला, मले वाचता येत नाई तरी आनला. अजून कोनाले काई पुसाचं असन, तं मले पुसा."

सोमाजी मात्र तयारीचा गडी. "तोंडानं कोनी काईबी सांगल. कागदाले तोंड नसते, म्हनून तो खोटं बोलत नाई."

तेवढ्यात बायांमधून सत्यशीला ओरडली. रोवणीला बायांची टोळी नेणारी ही सत्यशीला जिभेची तिखट म्हणून तालुक्यात नावाजलेली. "काय वो सोमाजीभाऊ, आषाढात चिखलात वाकून आमच्या बाजूले रोवनी करे थे. बांधावर संगं जेवे. मोकळी झाली म्हनता, मंग तिचं पोट काय तुमच्या माजरीले ठेवलं होतं?"

बाया हसल्या. मग पुरुषही हसले. नवरा हसला नाही.

आणि त्या हसण्यातच मंगली चालत पुढे आली. जाहिदाच्या पाटीपुढे ती बसली. साबणाचं पाणी नाही, कुणाचा हात नाही. तिनं पाटीतून एक हिरवी बांगडी निवडली, सव्वादोनची, तिच्या लग्नातल्या मापाची. त्या मापाची भरताना जाहिदाला तेव्हा अर्धी वडी साबण लागला होता. मंगलीनं ती स्वतःच्या हातानं स्वतःच्या हातात घातली. पोटुशी बाईचा हात सुजतो, माप वाढतं, बाळंत झाली तरी दोन महिने उतरत नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. बांगडी पंजावरून सरकली, वणांवरून सरकली आणि थेट कोपरापर्यंत गेली. मंगलीनं हात खाली सोडला. बांगडी आपोआप निसटून धुळीत पडली. फुटलीसुद्धा नाही.

तिनं दोन्ही मनगटं पंचांसमोर धरली. कुणी धरायला सांगितली नव्हती. मुखरूनं त्या मनगटांकडे पाहिलं, मग इस्त्रीच्या शर्टवाल्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तो माणूस काडी शोधू लागला.

"तोंडानं सांगल तरच न्याय, असं मी म्हनलं होतं," मुखरू म्हणाला. "चुकलं माहं." बैलाचं शिंग हललं, आणि जन्मात पहिल्यांदा हललं. बाकीच्या पंचांनी माना हलवल्या. मुखरूनं सोमाजीकडून तो कागद मागून घेतला, घडी घातली आणि स्वतःच्या पटक्यात खोचला. "माजरीवाल्यायनं आता उठाव. सोडचिठ्ठी झाली. पोरगी आजपासून मोकळी."

"मोकळी नोका म्हनू."

आवाज इतका बारीक होता, की आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. माजरीहून आल्यापासून मंगलीनं उच्चारलेले ते पहिले शब्द.

"सुटली म्हना," ती म्हणाली.

मुखरूनं घसा साफ केला. "मंगली सुटली," तो म्हणाला, आणि मग जरा मोठ्यानं, माजरीवाल्यांनाही ऐकू जावं असं, पुन्हा म्हणाला.

माणसं पांगली. इतवारी झाडाला टेकून रडत होती, बुधू तिच्या शेजारी टोपी हातात घेऊन उभा होता. जाहिदानं धुळीतली बांगडी उचलली, पदरानं पुसली. मंगली अजून पाटीजवळच होती. जाहिदानं तिच्याकडे हात नेला नाही. आपलाच हात दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"पोरी," ती म्हणाली, "थ्या टाळ्या..."

"मले ठाऊक हाय," मंगली म्हणाली. "मी पायलं होतं तुले."

जाहिदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते सगळे दिवस तिला वाटत होतं, त्या उघड्या डोळ्यांत मंगली नव्हती. ती होती. आतून पाहत होती, कोण कोण टाळ्या वाजवतंय.

मंगलीनं तिला रडू दिलं. समजूत घातली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. पाटीतल्या बांगड्या विस्कटल्या होत्या, त्या ती रंगावारी लावत राहिली. लाल झाल्या, हिरव्या झाल्या. तळाशी दीपिका मॅडमची चिठ्ठी होती, ती तिनं उचलून पाहिली आणि कमरेला खोचली.

"बुधवारी येजो," ती म्हणाली. "हात द्याचा का नाई, थे तवा पाहू."